बटणाने उघडणारं दार

मंडळी, गेल्या आठवड्यात ग्रुपवर व्हॅनचे फोटो मीच टाकले होते. जपानहून आलेली, शारजात स्टिअरिंग डावीकडे करून घेतलेली, बटण दाबलं की मागचं दार आपोआप सरकणारी. आजही तिच्याबद्दलच लिहितोय, पण मिरवायला नाही.

सकाळी बाबा साताऱ्याहून आले. त्यांना एअरपोर्टवरून अल कुसैसला घरी आणलं. उतरल्यावर ते सवयीने दोन्ही हातांनी दार ढकलायला लागले. जन्मभर जीपची दारं आपटून लावलेला माणूस. मी ओरडलो, "बाबा, हात लावू नका, मोटर जाईल त्याची." बिल्डिंगखाली शेजारी उभे होते. बाबा ओशाळून हसले. मी बॅगा उचलल्या आणि विसरून गेलो.

दुपारी जेवायला बाहेर निघालो. मी एसी लावून गाडीत फोनवर ऑफिसचं बोलत होतो. बाबा येईनात म्हणून वैतागलो.

मागून मुलगा म्हणाला, "पपा, आजोबा इज आउटसाइड. ही वोन्ट टच द डोअर."

मी आरशात पाहिलं. भर उन्हात बाबा बंद दारासमोर उभे होते, दोन्ही हात पाठीमागे धरून.

मी बटण दाबलं. आत बसत ते म्हणाले, "तूच उघडत जा रे. माझ्या हातून बिघडायला नको."

व्हॅन घेतली तेव्हा मीच फोनवर सांगितलं होतं, "बाबा, खास तुमच्यासाठी घेतलीय."

सॉरी म्हटलं तर ते "अरे, त्यात काय" म्हणतील आणि हात मागेच ठेवतील. तुम्ही काय केलं असतं?