पिवळं दूध

नाहूरच्या प्रांजलची मुलगी दिवस भरण्याआधीच जन्मली आणि वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत गेली. प्रांजल खालच्या वॉर्डात, टाके सांभाळत, दूध पिळत बसायची. हात भरून यायचे तेव्हा कुठे चमचाभर निघायचं. सिस्टरने तिला बजावलं होतं, "हे पहिलं घट्ट दूध वाया घालवू नका. बाळाचा मेंदू अजून तयार होतोय, त्याला हेच लागतं."

सासूबाई वाटी घेऊन वर निघाल्या, आतला पिवळा रंग बघितला आणि वाटेतच बेसिनमध्ये ओतून मोकळ्या झाल्या. त्यांच्याकडे बाळंतिणीचं पहिलं दूध टाकूनच देतात. "इतक्याशा पोरीक असला नासका कसा दिवचा? बेसिनात ओतून इलंय," परत येऊन त्या म्हणाल्या. भांडायला प्रांजलच्या अंगात जीव नव्हता. ती पुन्हा पिळायला बसली.

संध्याकाळी सासूबाईंनी डबा आणला. गावाहून कुणीतरी खरवस पाठवला होता.

"खा गो," त्या मायेने म्हणाल्या, "ताकद येतली. गायीच्या पयल्या दिसाचो चीक हा."

प्रांजलने झाकण काढलं. आत पिवळाधमक खरवस होता.

"हा नाही बेसिनमध्ये टाकलात, आई?" तिने विचारलं. आवाज चढवायचंही त्राण तिच्यात नव्हतं.