आपोआप परत येणारी वीज

जर्मनमधून इंग्रजीत तांत्रिक अनुवाद करणारी आम्ही मंडळी स्वतःला भलतीच विद्वान समजतो. ठाकूरद्वारच्या घरात बसून मी वीस वर्षं ट्रान्सफॉर्मर-ब्रेकरची मॅन्युअलं इंग्रजीत करतोय, आणि घरातला फ्यूज उडाला की बायकोकडे बघतो. ती वायरमनची मुलगी.

शब्द अडला की आम्ही अनुवादकांच्या एका वेबसाइटवर विचारतो. तिथं कधी टेस्टर हातात न धरलेले लोक छातीठोक उत्तरं देतात. एकदा कुणीतरी ‘कुर्त्सउंटरब्रेखुंग’ विचारला. आदल्याच आठवड्यात एका सबस्टेशनच्या मॅन्युअलात मी तो अंदाजानं उरकला होता. शब्दाचे दोन तुकडे, दोन्हींचं इंग्रजी, झालं: ‘शॉर्ट इंटरप्शन’. तेच तिथंही ठोकून दिलं. चौघांनी दुजोरा दिला. माझा अंदाज आता आधार झाला.

त्या रविवारी डिलाईल रोडला सासऱ्यांकडे गेलो होतो. जन्मभर गिरणीच्या सबस्टेशनात काम केलेला माणूस. मी त्यांच्याशी गुडघेदुखीपलीकडे बोलत नसे. त्या दिवशी मात्र मिरवायला म्हणून शब्द सांगितला.

“म्हणजे होतं काय त्यात?”

“लाइन क्षणभर बंद पडते, अप्पा.”

“आणि मग?”

“मग काय?”

“जावईबापू, मग ती आपली आपण चालू होते. तारेला फांदी-बिंदी लागली तर ब्रेकर पडतो आणि क्षणात परत लागतो. म्हणून माणूस वर चढवायच्या आधी ते ऑटो बंद करायचं. तुमच्या कागदात लिहिलंय ना तसं?”

जर्मन कागदात अगदी तसंच लिहिलं होतं. माझ्या इंग्रजीत त्याचं ‘काम करताना वीज थोडीही खंडित होऊ देऊ नये’ असं काहीतरी झालं होतं.

“लिहिलंय,” मी म्हणालो.

त्यानंतर चार वर्षं गप्प बसलो. एजन्सी काम देणं थांबवेल, ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर एका वायरमननं आपल्याला पकडलं, हे कबूल करायची लाज जास्त होती. कुणीतरी लाइन मेली समजून तारेला हात लावेल, हे मला रोज ठाऊक होतं. तरी जेवत होतो, झोपत होतो.

यंदा एजन्सीला लिहिलं. उत्तर आलं: आभारी आहोत, ते प्रोजेक्ट बंद झालं आहे. मॅन्युअल कुठल्या सबस्टेशनात गेलं, ते सांगता येत नाही म्हणे. वेबसाइटवरही माझं उत्तर चूक आहे असं मीच लिहिलं. एका दीडशहाण्यानं मलाच विचारलं, ‘संदर्भ काय?’ जुनं उत्तर चार दुजोऱ्यांसकट अजून सगळ्यात वर आहे.

मग सासऱ्यांना सगळं सांगितलं.

“चार वर्षं?”

“हो.”

“सबस्टेशन कुठलं?”

“सांगत नाहीत.”

“मग विचारत राहा,” ते म्हणाले आणि आत निघून गेले.

काल एजन्सीला सहावं पत्र धाडलं.