भावाची गाडी

जुनी गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. अर्धा नव्हे, पुरता, गुंडाळीच्या तळाशी असलेली पट्टी हातात येईपर्यंत. गाडी पाण्यात गेली असेल तर ती पट्टी सांगते. धुणारे सगळं धुतात, ही वीतभर जागा कोणी धूत नाही.

हे मी आमच्या शाळेतल्या निम्म्या लोकांना शिकवलंय. मी कट्टा गावच्या शाळेत गणित शिकवते, पण शिक्षकांच्या खोलीत माझी खरी किंमत गाडीपारखी म्हणून. कोणाला जुनी गाडी घ्यायची झाली की, "मॅडम, जरा येता का बघायला?" मी जाते. आधी बॉनेटला हात लावते. गरम लागलं की म्हणते, उद्या सकाळी येते, तोवर चालू करू नका. तापवून ठेवलेलं इंजिन सगळे दोष लपवतं. त्यातून गाडी छोटी आणि तडफदार असली, टर्बोवाली, तर पोरांनी तिचे हाल हाल केलेले असतात. धुराचा रंग बघायचा, टायर एकाच बाजूने झिजलेत का बघायचं, क्लच किती वर येऊन पकडतो ते पाहायचं. विकणारा घाई करायला लागला की चहा मागायचा आणि सावकाश प्यायचा.

मलाही तसलीच गाडी हवी होती. चढावर पाय दाबला की पाठ सीटला चिकटली पाहिजे अशी. पन्नाशीच्या बाईला हे शोभतं का, असं विचारणाऱ्यांना मी विचारायचे, मग काय शोभतं, स्कूटरवरून पिशव्या सांभाळणं?

माझा धाकटा भाऊ देवगडला असतो, आंब्याच्या धंद्यात. आई-बाबा गेल्यावर माहेर म्हणजे तोच. त्याच्याकडे लाल रंगाची अशीच एक गाडी होती आणि तिच्यावर माझा डोळा होता, हे त्याला ठाऊक होतं. एक दिवस फोन आला. "ताय, माका आता मोठी गाडी होयी. ही लाल तूच घे गो. भायल्या माणसाक दिवक जीव होणा नाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

नवरा म्हणाला, "घे, पण एकदा बघून घे." मी त्याच्यावर अशी उसळले की विचारू नका. भावाची गाडी उपडी करून बघू? त्याच्या अंगणात, वहिनीसमोर डिकीतलं चटईखालचं तपासू? आमच्याकडे घरच्या माणसाने दिलेली वस्तू कोणी उलटून बघत नाही. बघितली तर ती वस्तू तपासली असं होत नाही, माणूस तपासला असं होतं. मी फक्त एक चक्कर मारली. गाडीत मोगऱ्याचं अत्तर घमघमत होतं. वहिनीची हौस असेल म्हटलं.

तिथून आम्ही थेट माहेरच्या ग्रामदेवतेच्या देवळात गेलो. नवीन वस्तू घरात आली की गाऱ्हाणं घालायचंच. गुरवांनी नारळ हातात घेतला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकीन गाडी घेतलेली आसा. तिका काय इडापिडा आसात, आतली-भायली खोट आसात, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. सगळ्यांत मोठा आवाज माझ्या भावाचा होता.

गाडी दोन महिने छान चालली. मग एके दिवशी शाळेच्या फाटकात हॉर्न आपोआप वाजायला लागला, थांबेचना. मुलं खो-खो हसली, मीही हसले. पुढे काचा आपल्या आपण खाली यायला लागल्या. एसी लावला की अत्तराच्या आडून सुक्या मासळीसारखा वास यायचा. एका रविवारी मी दारं उघडली, सीटबेल्ट धरला आणि ओढत गेले. तळाशी पांढरी रेघ होती, मिठाची. चटई उचलली तर खाली गंज आणि मूठभर वाळू. नदीची नव्हे. किनाऱ्यावर जन्म गेला माझा, समुद्राची वाळू मला कळते.

तशीच देवगडला गेले. तो पेट्यांत गवत भरून घेत होता. मी वाळू त्याच्यासमोर कागदावर ओतली.

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. "दोस्तांवांगडा पुळणीर नेल्ली. भरती इली, रुतली. ट्रॅक्टरान भायर काढली."

"आणि माका दिलंस?"

"भायलो कोण घेणारो नाय होतो, ताय. सगळे बघतत."

"मगे माका सांगूक काय झाला होता?"

"सांगलं असतंय तर घेतलं असतंस काय?"

तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्या, खाऱ्या पाण्यात भिजलेली वायर चढावर कधी दगा देईल याचा नेम असतो का? रोज शाळेच्या वाटेवरच्या घाटीतून मी जात होते! बाहेरचे बघून घेतात आणि बहीण बघणार नाही, हे त्याने हेरलं होतं. माझ्या विश्वासाचाच त्याने सौदा केला. केसाने गळा कापला म्हणतात तो असा. वहिनीने चहा आणला, तो मी घेतला नाही. गाडी मी भंगारात दिली. दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारायला मी काय त्याची बहीण? होते म्हणा, दुर्दैवाने.

वर्षभराने त्याचा फोन. "ताय, येक जुनी गाडी बघलंय. बघूक येशीत?" निर्लज्जपणाला काही सीमा! पण त्या गाडीत वहिनी आणि भाचरं बसणार होती. गेले. थंड इंजिन बघितलं, धूर बघितला, डिकी रिकामी करून चटई उचलली. त्याच्या डोळ्यांदेखत चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढले. तो बाजूला उभा होता. गाडी चांगली होती, तसं सांगितलं.

मग देऊळ. तेच गुरव, तसाच नारळ. गाडीची इडापिडा दूर करून झाली आणि शेवटी त्यांनी आपल्या मनाने जोडलं, "आणि ह्या भावा-भयणीची माया अशीच रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," वहिनी म्हणाली, भाचरं म्हणाली. भाऊ म्हणाला नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी हात जोडलेलेच ठेवले. तोंड उघडलं नाही.