तिसरी शिट्टी

म्युनिकला आमच्या वरच्या मजल्यावर एक हंगेरियन गृहस्थ राहतात. ऑर्केस्ट्रात तीस वर्षं मोठ्या झांजा वाजवत होते. कारकिर्दीचा विषय निघाला की "आल्झो", म्हणजे जर्मनमधलं "तर मग", असं म्हणून सुरू करायचे आणि आपण किती कंडक्टर निभावून नेले ते ऐकवायचे. इमारतीत आवाजाची पहिली तक्रार त्यांचीच असे.

एकदा त्यांनी आम्हाला कार्यक्रमाचे पास दिले. तासभर ते झांजा मांडीवर घेऊन ओठांतल्या ओठांत मोजत बसले आणि शेवटी एकदाच वाजवल्या.

"एवढ्यासाठी तीस वर्षं?" बायको माझ्या कानात म्हणाली.

पुढच्याच शनिवारी ती पुण्याला तिच्या आईंशी फोनवर बोलत होती आणि कुकर शेगडीवर होता. दाराची बेल वाजली. हे गृहस्थ गाऊनमध्ये उभे. आता तक्रार येणार म्हणून मी आधीच माफी मागितली.

"रोज तीन शिट्ट्या होतात," ते गंभीरपणे म्हणाले. "आज पाच झाल्या."

भात करपला होता.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. आता आमच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली, की वरून एकदाच झांज वाजते. बायको मुकाट्यानं शेगडी बंद करते.