नजर जिकडं, गोटा तिकडं

परवा टीव्हीवर दाखवत होते. कुठल्याशा मोठ्या शहरात इमारतीला आग लागली, एक मजूर वर अडकला आणि हेलिकॉप्टरनं दोर सोडून त्याला अलगद उचललं. घरातली सगळी तोंडात बोट घालून बघत होती. मी म्हटलं, आमच्या वेळी दोर खालून वर गेला होता, आणि तो मी पाठवला होता. नातसून हसली. तिला वाटलं, म्हातारी भरकटली. म्हणून हे लिहून ठेवते. चौथीपर्यंत शिकले आहे. अक्षर वाईट असलं तरी खोटं लिहिणार नाही.

माहेरी ज्वारी राखायचं काम माझं होतं. शेतातल्या मचाणावर उभं राहायचं आणि गोफणीनं पाखरं उठवायची. बापानं एकच गोष्ट शिकवली होती, "नजर जाते तिकडं गोटा जाते. ज्याले मारायचं नाई, त्याच्याकडं पाहूच नको." लग्न झालं तेव्हा दोन भांडी आणि ती गोफण एवढं घेऊन मी सासरी आले.

पहिल्याच हंगामात घात झाला. मैनांचा थवा उठवत होते आणि बांधावरून एक बाई डोक्यावर घागर घेऊन चालली होती. तिच्या नव्या लुगड्यावर माझी नजर गेली. गोटाही तिकडंच गेला. बाई वाचली, घागर फुटली. गावाला आठ दिवस दुसरा विषय नव्हता. नवरा तेव्हा कारंजा गावाजवळच्या एका जिनात कामाला होता, कापसातून सरकी वेगळी काढतात तिथं. इंजिनाला तेलपाणी करायचं आणि उंच टाकीतलं पाणी बघायचं, हे त्याचं काम. तिथंही लोक त्याला विचारू लागले, "बायको केली का शिपाई?" घरी येऊन तो माझ्यावर उखडला. "आजपासून गोफन बंद. पाखरं खातीन तं खाऊ दे."

मीही काही कमी नव्हते. गोफण फिरवायची नाही ना, नाही फिरवत. त्याच्या भाकरीचं फडकं मी रोज त्याच गोफणीनं आवळून बांधायची आणि दुपारी जिनात नेऊन त्याच्यापुढं ठेवायची. तो मुकाट्यानं गाठ सोडायचा. दोन महिने आमच्यात कामापुरतं बोलणं होतं.

पौषातली ती दुपार. मी फाटकात पोचले तर कापसाची गंजी पेटलेली. पाण्याची टाकी चार लोखंडी खांबांवर, शेजारच्या चिंचेच्या शेंड्याएवढी उंच. गंजी टाकीच्या पायथ्याशी, आणि वर जायची शिडीही त्याच बाजूला. नवरा वर होता. टाकीत कमरेइतक्या पाण्यात उभा राहून तो तोंडाला ओला पंचा धरत होता. वर पाणी आणि खाली आग. धूर आला की तो दिसेनासा व्हायचा, वारा पडला की पुन्हा दिसायचा. प्रत्येक वेळी वाटायचं, आता धूर सरेल आणि तिथं कोणी नसेल.

माणसं बादल्या घेऊन धावत होती, पण पेटलेल्या कापसावर बादलीचं काय चालणार! बांबूची शिडी अर्ध्यावरच संपली. टाकीच्या मोकळ्या बाजूनं दोन गड्यांनी दोराला दगड बांधून फेकून बघितला. तोही अर्ध्यातून परत आला. जिनाचा मुकादम नुसता ओरडत होता, "हिंमत सोडू नको रे!" सासू तिथंच कापसातला पालापाचोळा वेचायला असायची. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिची नजर माझ्या हातातल्या फडक्यावर गेली. तिनं ते ओढून घेतलं, गाठ सोडली, भाकरी मातीत पडल्या, आणि गोफण माझ्या हातात कोंबली.

"फिरव वं पोरी. तो काई म्हणीन तं मी पाहून घेतो."

पोती शिवायच्या सुतळीचा गुंडा जिनात होताच. मी पदराची चिंधी फाडली, गोटा तिच्यात घट्ट बांधला, पुरचुंडीला सुतळी अडकवली. सुतळी पुढं जमिनीवर सैल अंथरायला लावली. गोफण फिरवली आणि सोडली. गोटा सुटला तो थेट नवऱ्याकडं. त्याच्या दंडाशेजारी टाकीच्या पत्र्यावर ठण्ण आवाज झाला. तो पाण्यात बुडी मारून बसला.

"मारते काय वं त्याले!" मुकादम ओरडला.

 मी त्याच्याकडं बघत होते ना! माझा जीव तिथं टांगलेला, मग नजर दुसरीकडं जाणार कुठं? पण बाप म्हणाला होता ते खरं होतं. त्याच्याकडं बघेन तर त्यालाच लागेल. दुसरी पुरचुंडी बांधली. धूर सरला. त्यानं डोकं वर काढलं आणि माझ्याकडं बघितलं, हे मला कळलं. तरी मी मान वळवली. त्याच्या वरचं रिकामं आभाळ धरलं, तिथं एवढंसं निळं होतं, आणि त्या निळ्याकडं बघत गोफण सोडली. त्या क्षणी मला वाटलं, आपण त्याला एकटं सोडलं.

पुरचुंडी टाकीवरून पलीकडं गेली. सुतळी त्याच्या खांद्यावर पडली. जिनात जी आरोळी उठली, ती अजून कानात आहे.

मग सुतळीमागं चऱ्हाट गेलं. तोवर शेजारच्या मळ्यातल्या माणसानं चालू मोट थांबवून, बैल सोडून, मोटेचा जाड नाडा आणला होता. तो चऱ्हाटाला बांधला. नवऱ्यानं वर ओढून खांबाला वेढे दिले आणि मोकळ्या बाजूनं घसरत खाली आला. तळहात सोलवटले होते, भुवया जळाल्या होत्या, अंगावरून पाणी गळत होतं. त्याचे पाय जमिनीला लागले. मी मटकन खाली बसले, गोफण मातीत पडली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

तो माझ्यासमोर येऊन बसला. दोन महिन्यांनी पहिल्यांदा सरळ बोलला, पण रागातच.

"मी वरून तुयाकडंच पाहून राह्यलो होतो. तू मान फिरवली. काहून?"

"पाह्यलं असतं तं गोटा तुमच्याच कपाळात बसला असता."

 मग सोललेल्या हातानं त्यानं मातीतली गोफण उचलली, झटकली आणि माझ्या खांद्यावर ठेवली.

"मंग आता तं पाह्य," तो म्हणाला.

त्या काळी सासूसमोर नवऱ्याकडं मान वर करून बघायची रीत नव्हती. तिथं सासू होती, मुकादम होता, सगळं जिन गोळा झालेलं होतं. मी बघितलं. जळक्या भुवयांपासून ओल्या पायांपर्यंत सगळं बघितलं, आणि कोणी काही म्हणालं नाही. सासू वाकून मातीतल्या भाकरी वेचत होती.