वाडीच्या पुढचं पॅव्हेलियन

इमारत उभी राहिली की तिचे नकाशे कपाटावर धूळ खात पडतात. किस्से मात्र चहाच्या कपागणिक वाढत जातात! आमच्या तीन माणसांच्या आर्किटेक्ट ऑफिसात एका पॅव्हेलियनचेच इतके जमलेत, की कुठून सुरू करू?

शहराबाहेर, वाडीच्या पुढे गोदामं संपली की नवे लेआउट, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहती, लागतात. मधोमध मैदान. तिथल्या लोकांना पायऱ्या, वर छत आणि खेळाडूंसाठी खोली असं पॅव्हेलियन हवं होतं. समितीचे अध्यक्ष भोयर काका, रिटायर्ड पीटी मास्तर. मैदानावरच्या पहिल्याच मीटिंगमध्ये मी विचारलं, "काका, किती लोकांची बसायची सोय करायची?"

काकांनी भोवतालच्या रिकाम्या प्लॉटांकडे बघितलं. वाऱ्यानं गवत हलत होतं. मग म्हणाले, "जे अजून राह्याले आलेच नाई, त्याईलेबी धरा!"

*

आमच्या सीनियर मृदुला मॅडम. सावली कशी फिरते ते स्वतः बघायचं म्हणून त्या एप्रिलच्या दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून मैदानातल्या कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसल्या. सावली सरकली की खुर्ची सरकवायची, खुणेला दगड ठेवायचा. सगळं कसं सुस्त, कुठेतरी कोकीळ... चारच्या सुमारास त्यांचा डोळा लागला.

जाग आली तर दगडांच्या ओळीत, त्यांच्या शेजारी चार बाया बसलेल्या! एकीनं हळूच विचारलं, "मॅडम, कायची लाइन हाय ही?"

*

आमचे ड्राफ्ट्समन धनराजभाऊ. त्यांनी थर्माकोलचं मॉडेल केलं. भोयर काका ते बघायला ऑफिसात आले. वाकले, टेबलाला हनुवटी टेकवली आणि एक डोळा मिटून इवल्याशा मैदानाकडे बघू लागले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चहा गार!

"काय पाहून राहिले काका?" धनराजभाऊंनी विचारलं.

"मॅच."

धनराजभाऊही शेजारी वाकले. "मंग? काय झालं?"

"चूप राय गा! आपण हरून राहिलो!"

*

आणि सिंधूताई. लग्नाआधी कबड्डी खेळायच्या. आता लेआउटमधल्या मुलींना शिकवायची इच्छा. माझ्या नकाशात मुलींसाठी वेगळी खोलीच नव्हती. चूक माझीच. मीटिंगमध्ये समितीतले म्हणाले, "पोरी कुठं येतात मैदानावर?"

सिंधूताई उठल्या. "कपडे बदलाले जागा नाई म्हणून येत नाई. आन् येत नाई म्हणून जागा नाई! माहा खेळ असाच सुटला, सर."

मी तिथेच पेन काढून नकाशात खोली आखली. भोयर काकांनी शेजारी सही केली.

पुढे पाया खणायच्या आधी जमिनीवर चुन्याची आखणी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मापं तपासायला गेलो. मैदानावरचं धुकं विरत होतं. गवतावर पांढऱ्या रेषा, बाकी काही नाही. मुलींच्या खोलीचा चौकोनही रिकामा. त्याच्या दाराच्या जागी, खोलीकडे पाठ करून, सिंधूताई एकट्याच उभ्या.

टेप घेऊन मी रेषेच्या आत पाय टाकणार, तोच त्यांनी हात आडवा केला.

"थांबा सर! पोरी कपडे बदलून राहिल्या."

मी पाठ फिरवून उभा राहिलो.