अढीत घातलेल्या कॅसेटी

रत्नागिरीच्या एसटी स्टँडजवळच्या एका गल्लीत दमयंती तांबे हिचं कॅसेट लायब्ररीचं दुकान होतं. दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढीच जागा. पाटीवर मुलीचं नाव होतं, ‘तेजल ऑडिओ’. महिन्याला पंचवीस रुपये वर्गणी भरायची, एक कॅसेट घरी न्यायची, ऐकून झाली की ती देऊन दुसरी न्यायची. नवी कॅसेट त्या वेळी वर्गणीपेक्षा महाग पडायची. त्यामुळे हिशेब कुणालाही पटण्यासारखा होता.

हे तिला सुचलं भावामुळे. तो मुंबईत कॅसेटच्या कारखान्यात होता. १९९८ मध्ये कारखाना बंद होताना माल पडेल भावाने निघाला, तेव्हा त्याने चार खोकी भरून बहिणीकडे पाठवली आणि निरोप दिला, “वीक, नाहीतर घरात वाजव.” दमयंती तोवर घरी बसून शाळांचे गणवेश शिवत होती. एकसारख्या निळ्या चड्ड्या शिवून ती इतकी कंटाळली होती की भाऊ लोखंडाचे खिळे पाठवता तरी तिने त्यांचं दुकान काढलं असतं. विकली तर कॅसेट एकदाच पैसे देते, फिरवली तर दर महिन्याला देते, एवढं तिच्या लक्षात आलं आणि तिने डिसेंबरात गाळा घेतला. करार अकरा महिन्यांचा, म्हणजे दिवाळीपर्यंतचा.

नवरा काशीराम जिल्हा परिषदेत कारकून होता. त्याने अडवलं नाही, पण एक अट घातली.

“दिवाळीपर्यंत दुकानाने आपलं भाडं आपण काढायचं. माझ्या पगारातून जाता कामा नये.”

“आणि नाही निघालं तर?”

“तर शिलाई मशीन कुठं पळून गेलेलं नाही.”

मशीनवर तिने त्याच दिवशी चादर टाकली आणि वर टेपरेकॉर्डर ठेवला.

धंदा तिला जमला. बुद्ध-भीमगीतं, भजनं, नाट्यपदं, हिंदी सिनेमाची गाणी, जाखडी नाचाच्या सवालजवाबाच्या स्थानिक कॅसेटी, सगळं तिच्याकडे होतं. परत आलेली कॅसेट कुणी उलटी गुंडाळून आणली नाही तरी ती रागवायची नाही. टेप कुठे थांबली आहे ते बघायची. पहिल्या गाण्यातच थांबली असेल तर त्या माणसाला तसलं पुन्हा द्यायचं नाही. शेवटपर्यंत गेली असेल तर त्याच घराण्यातलं आणखी काढून ठेवायचं. “तुम्हाला कसं कळलं हो मला हेच हवं होतं?” असं गिऱ्हाईक विचारी, तेव्हा ती नुसती हसायची. मे महिन्यात दुकानाने भाडं काढलं आणि वर थोडं उरलं.

जूनमध्ये समोरच्या बाजूला ‘मल्हार म्युझिक लायब्ररी’ उघडली.

मालक अपूर्व मुळ्ये, वय पंचवीस, बी.कॉम. वडील दत्तात्रेय मुळ्ये यांच्या कलमांच्या बागा होत्या आणि त्या वर्षी आंबा असा आला होता की पेट्या कमी पडल्या. त्या आंब्याच्या पैशातून अपूर्वने दमयंतीच्या दुप्पट कॅसेटी घेतल्या, काचेची कपाटं केली, पंखा लावला आणि वर्गणी ठेवली पंधरा रुपये. दमयंतीने आपली वीसवर आणली. त्याने दहा केली. जुलैत त्याने पाटीच लावली, की गणपतीपर्यंत वर्गणी माफ, हव्या तेवढ्या कॅसेटी न्या.

भांडण मात्र कधी झालं नाही. अपूर्व दिवसातून एकदा रस्ता ओलांडून यायचा.

“वहिनी, उभं राहून पाय दुखले हो. तुमच्याकडचं स्टूल मोकळं असेल ना?”

“घेऊन जा. जमा झालेले पैसे ठेवायला होईल तुला.”

तो मनापासून हसायचा आणि स्टूल खरंच न्यायचा. संध्याकाळी आणूनही द्यायचा. पण तिचे सभासद रोज रस्ता ओलांडत होते. काही जण ओशाळून छत्रीआडून जायचे. छत्री ओळखीची असल्यामुळे त्याचा उपयोग नव्हता.

ऑगस्टमध्ये गावातले सभासद बोटांवर मोजण्याइतके राहिले. उरले ते खेड्यांतले, आणि ते होते येसूबाईमुळे. येसूबाई मासळी विकायची. सकाळच्या एसटीने टोपली घेऊन लांजा रस्त्यावरच्या वाड्यांवर फिरायची आणि दुपारच्या गाडीने परत यायची. दमयंतीच्या कॅसेटी ती जाताना न्यायची, येताना जुन्या आणायची. मोबदल्यात तिला हवी ती कॅसेट फुकट. सुरुवातीला कॅसेटी पिशवीत जायच्या. पावसाळ्यात टोपलीत सुके बांगडे आणि जवळा आला, तेव्हा तक्रारी आल्या. एका गुरुजींनी तर भजनाची कॅसेट न ऐकताच परत पाठवली.

“वास येतो म्हनतात,” येसूबाई म्हणाली. “येऊ दे की गो. सुक्या म्हावऱ्याचा वास नाय तर काय चाफ्याचा येनार?”

शेवटी दमयंतीने बिस्किटांचे पत्र्याचे डबे आणले, घट्ट झाकणाचे. एका डब्यात दहा-बारा कॅसेटी बसायच्या. वास आत जायचा बंद झाला, आणि त्या पावसात ओलही आत गेली नाही. हे तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

खेड्यातल्या या सभासदांत सुंदराबाई कदम नावाची एक बाई होती. नाव एकीचं, वर्गणी एकीची, पण कॅसेटी अशा मागवायची की रोज नवी. आज भीमगीतं, उद्या लावण्या, परवा लहान मुलांच्या गोष्टी. परत आलेल्या टेपा दमयंतीने बघितल्या. सगळ्या शेवटपर्यंत गेलेल्या. एक माणूस इतकं आणि असलं सगळं ऐकत नाही. ही बाई कॅसेटी वाडीभर वाटते, हे उघड होतं. समोर फुकटवाला आणि मागून ही. दमयंतीचं डोकं फिरलं. दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवून ती येसूबाईबरोबर एसटीत बसली.

“भांडायला येतेस?” येसूबाईने टोपली पायाशी ओढत विचारलं.

“नियम सांगायला येते.”

“मग पोटभर खाऊन घे. तिथं गेल्यावर तुला बोलायला मिळायचं नाय.”

भाताची लावणी आटोपली होती, पाऊस उघडला होता. बौद्धवाडीत सुंदराबाईच्या पडवीत टेपरेकॉर्डर खिडकीत ठेवलेला, तोंड अंगणाकडे. अंगणात पंधरा-वीस बायका, चार म्हातारे, आणि पोरं मोजायची सोय नव्हती. कुणी तांदूळ निवडत होतं, कुणी काजू सोलत होतं. डबा आला तसा सगळ्यांनी माना वर केल्या.

“जय भीम,” सुंदराबाई पुढे आली. साठीची, ठेंगणी, आवाज खणखणीत. “ही कोन गो, येसू?”

“गान्यांची मालकीन. तुला पकडायला आलीय.”

अंगणभर हसू पिकलं. दमयंतीच्या हातात पाण्याचा तांब्या आला, मग चहा, मग भाजलेले काजू. तिने चहा अर्धा ठेवून सुरुवात केली.

“आजी, सभासद तुम्ही एकट्या आहात. कॅसेट तुम्ही एकटीने ऐकायची असते.”

सुंदराबाईला ते खरोखर कळलं नाही. “एकटीने? दार लावून?”

“म्हणजे, ज्याच्या नावावर वर्गणी...”

“ती व्हय! तुझ्या कागदावर एकच नाव लिवायला जागा होती, म्हनून माझं घातलं. वर्गनी वाडीची हाय. घरटी दोन रुपये काढतो आमी. तुझे देऊन उरतात त्यात सेल आनतो, लाइट गेली की लागतात ना.” तिने पडवीतल्या मोठ्या पातेल्यांकडे बोट केलं. “ती पातेली वाडीची. सतरंज्या वाडीच्या. बत्ती वाडीची. मग गानी तेवढी माझी कशी होतील गो?”

दमयंतीने घरं विचारली. सव्वीस होती. म्हणजे वाडी दर महिन्याला बावन्न रुपये काढत होती आणि त्यातले वीस तिला देत होती. ही माणसं तिला बुडवत नव्हती. जास्त द्यायला तयार होती, तिने मागितलेच नव्हते. तिने उरलेला चहा संपवला. जे सांगायला आली होती ते सोडून तिने भलतंच विचारलं.

“आजी, आठवड्याला पुरा डबा पाठवला तर? बारा कॅसेटी. वाडीच्या नावावर. महिन्याला साठ रुपये.”

“चाळीस.”

“पन्नास. आणि काय पाठवायचं ते तुम्ही सांगायचं.”

“पंचेचाळीस, आनी हिला फुकट मिळतं ते आमच्यातलं नको,” सुंदराबाई येसूबाईकडे बघत म्हणाली. “ती मधल्या मधे चांगल्या चांगल्या काढून घेते.”

“काढीन नायतर काय! मी काय हमाल हाय?” येसूबाई म्हणाली आणि सौदा पंचेचाळीसला ठरला.

बातमी टोपलीबरोबर फिरली. गणपतीच्या आधी सात वाड्या झाल्या. एका वाडीने पहिल्या डब्यात कीर्तन मागितलं, दुसऱ्या डब्यात कीर्तन सोडून काहीही. सात वाड्यांनी भाडं निघत नव्हतं, पण जवळ आलं होतं. एका रविवारी काशीरामने स्वतःहून डब्यांची झाकणं घासून दिली.

समोर गर्दी वाढतच होती. अपूर्वकडे कपाटं भरून कॅसेटी उरत, म्हणून गणपतीसाठी घेतलेला माल, आरत्या आणि भजनं, त्याने बाजूला काढून नीट बांधून ठेवला होता. बागायतदाराच्या घरातला मुलगा. नाजूक माल कसा ठेवायचा हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याने आंब्याच्या रिकाम्या पेट्या घेतल्या, खाली भाताचा पेंढा, मग कॅसेटींचा थर, पुन्हा पेंढा, आणि पेट्या माडीवर रचल्या. जुलै-ऑगस्टचे दोन महिने.

गणपतीच्या चार दिवस आधी चाकरमानी उतरले. प्रत्येकाला आरत्या हव्या होत्या. अपूर्वने पेट्या उघडल्या तेव्हा पावसाच्या ओलीने पेंढा काळा पडलेला आणि कॅसेटींवर पांढरी बुरशी, मऊ, मांजराच्या पिलासारखी. लोक ओरडायला लागले. एकानेही दमडी दिलेली नव्हती, तरी ओरडणं पैसे दिल्यापेक्षा मोठं होतं.

दुपारी तो रस्ता ओलांडून आला. हातात एक कॅसेट होती. दमयंतीने ती उजेडात धरली, हुंगली.

“पेंढ्यात ठेवलीस?”

“हो.”

“कॅसेटी अढीत घातल्यास? पिकायला?”

अपूर्व हसला नाही, पण येसूबाई पायरीवर बसली होती, ती इतकी हसली की टोपली कलंडली. मग त्यालाही आवरेना.

“वहिनी, तुमच्याकडे आरत्या किती आहेत?”

“डब्यांत आहेत. वाड्यांच्या सोडून चाळीसेक.”

“मला द्या. पाच दिवस. तुम्ही म्हणाल ते देतो.”

तिने मनात हिशेब मांडला. नाही म्हटलं तर हा गणपतीतच बदनाम होईल, वडील दुकान बंद करतील, समोरची पाटी उतरेल. पण मग काय? गावाला फुकटची सवय लागली होती. उद्या ती एकटी उरली तरी वीस रुपये कोण देणार? फुकट ज्याने सुरू केलं त्यानेच ते बंद करायला हवं होतं, आणि त्यासाठी तो तिथे हवा होता.

“पैसे नकोत,” ती म्हणाली. “गणपती झाले की माफीची पाटी काढायची. वर्गणी वीस. तुझीही, माझीही. गाव तुझं, वाड्या माझ्या. तुझ्याकडच्या कॅसेटी मला महिना महिना मिळायच्या, माझ्या तुला.”

“गाव सगळं मला?”

“तुझ्याकडे पंखा आहे.”

अपूर्वने थोडा विचार केल्यासारखं केलं आणि डबे उचलायला लागला. संध्याकाळी दत्तात्रेय मुळ्ये स्वतः आले. धोतर, हातात छत्री. त्यांनी दुकान आतून बाहेरून न्याहाळलं.

“बाई, आंबा कमी भावाने विकणारे पाहिलेत मी. पेटी फुकट वाटून वर तिची अढी घालणारा घरातच निघाला. तुम्ही त्याला भाव शिकवलात, बरं झालं. आमच्या बागेला दर वर्षी असा आंबा लागत नाही.”

गणपती झाले तशी पाटी उतरली. लोकांनी पंधरा दिवस कुरकुर केली, मग वीस रुपये काढले, कारण आता दोन्ही बाजूंना वीसच होते. डब्यांच्या वाड्या अकरा झाल्या आणि दुकानाचं भाडं पुन्हा निघू लागलं. अपूर्वची काचेची कपाटं आणि दमयंतीचे डबे एकाच मालावर चालू लागले. दोघांनी मिळून नव्या कॅसेटी घेतल्या, तेव्हा प्रत्येकाचा खर्च निम्म्यावर आला.

दिवाळीत गाळ्याचा मालक करार घेऊन आला. “सोडताय की राखताय?”

दमयंतीने काशीरामकडे पाहिलं. तो दारात आकाशकंदील बांधत होता. त्याने वळूनही न बघता सांगितलं, “शिलाई मशीन विकायला काढलंय, तेवढं विचार यांना कुणी गिऱ्हाईक आहे का.”

लायब्ररी २००५ पर्यंत चालली. मग एका सीडीत शंभर गाणी मावू लागली आणि दोघांनी एकाच आठवड्यात दुकानं आवरली. पण त्याआधीची एक गोष्ट राहिली. त्या दिवाळीनंतरच्या मे महिन्यात अपूर्वने हापूसची एक पेटी पाठवली. घरी सगळ्यांनी मिळून ती उघडली. वरचा पेंढा काढला, पहिला थर काढला, दुसरा काढला. मधोमध, नीट पेंढ्यात बसवलेली, बुरशी आलेली आरतीची एक कॅसेट होती. वर चिठ्ठी: “वहिनी, अजून पिकली नाही. तुम्ही बघा.”

तेजलने ती टेपरेकॉर्डरमध्ये घातली. दमयंती ओरडेपर्यंत तिने बटण दाबलंही. दोन ओळी खरखरत वाजल्या, मग टेप अडकली. सगळे आंबे खात हसत बसले.